नागपूरच्या नकाशांतलं बैकानूर

२९ ऑगस्ट १९९१. मॉस्कोतलं बंड फसून आठवडा उलटला होता. त्या दिवशी सोव्हिएत संसदेनं कम्युनिस्ट पक्षाचं कामकाज स्थगित केलं. कझाकस्तानात नूरसुलतान नझरबायेव यांनी सेमिपलातिन्स्कचं अणुचाचणी केंद्र कायमचं बंद करण्याच्या हुकुमावर सही केली. आणि त्याच कझाकस्तानात, बैकानूरच्या तळावरून, एक रॉकेट ठरल्या वेळी वर गेलं. देश मोडत होता, पण उड्डाणाच्या कामात खंड पडला नव्हता.

त्या रॉकेटच्या टोकाशी होता भारताचा आयआरएस-१बी उपग्रह, वजन हजार किलोच्या आसपास. रॉकेट होतं ‘वोस्तोक’ घराण्यातलं. १२ एप्रिल १९६१ला युरी गागारिनला पृथ्वीभोवती फिरवून आणणाऱ्या रॉकेटचं हे पुढचं भावंड. या घराण्याचं हे शेवटचं उड्डाण ठरलं. पहिल्या अंतराळवीरापासून सुरू झालेली वोस्तोकची तीस वर्षांची कारकीर्द एक भारतीय उपग्रह कक्षेत सोडून संपली. चार महिन्यांत सोव्हिएत संघही उरला नाही.

या उपग्रहाच्या चित्रांची वाट पाहणाऱ्या गावांत नागपूर होतं. अमरावती रोडवर आणि दक्षिण अंबाझरी रोडवर काही माणसं तीन वर्षांपासून अशाच चित्रांवर मान मोडून काम करत होती. सोव्हिएत अवकाशयुगानं विदर्भाला काय दिलं, या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या टेबलांवर आहे. ते संग्रहालयाच्या काचेआड अजून गेलेलं नाही, आणि म्हणूनच ते सांगायला हवं.

सुरुवात मात्र नागपूरपासून दूर झाली. स्पुटनिक ४ ऑक्टोबर १९५७ला उडाला, तेव्हा भारतात अवकाशसंशोधन नावाचं खातंसुद्धा नव्हतं. १९६१च्या नोव्हेंबर-डिसेंबरात गागारिन भारतात आला. दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद अशा शहरांत त्याला पाहायला माणसांची रीघ लागली. दोन वर्षांनी व्हॅलेंतिना तेरेश्कोवा येऊन गेली. त्याच १९६३मध्ये केरळातल्या थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला. तो अमेरिकी बनावटीचा होता, पण पुढे थुंब्याला सोव्हिएत संघानंही संगणक आणि हेलिकॉप्टर दिलं, आणि १९७०पासून तिथून सोव्हिएत एम-१०० हवामान-अग्निबाण नियमित उडू लागले.

महाराष्ट्रातल्या वाचणाऱ्या घरांत या काळाची खूण वेगळीच राहिली. मॉस्कोहून मराठीत छापून आलेली पुस्तकं लोकवाङ्मय गृहामार्फत अगदी थोडक्या पैशांत मिळत. ‘सोव्हिएत लँड’च्या मराठी आवृत्तीचे गुळगुळीत, रंगीत कागद शाळेच्या वह्यांना कव्हर म्हणून चढत. गणिताच्या वहीवर अंतराळवीर आणि इतिहासाच्या वहीवर ट्रॅक्टर, असा तो जमाना होता. साम्यवादाशी काडीचाही संबंध नसलेल्या घरांतली मुलंसुद्धा गागारिनचा चेहरा ओळखत, ती या कव्हरांमुळे.

१० मे १९७२ रोजी भारत आणि सोव्हिएत विज्ञान अकादमी यांच्यात करार झाला. उपग्रह भारतानं बांधायचा, सोव्हिएत रॉकेटनं तो फुकट वर न्यायचा. बंगळुरूजवळ पीन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये यू. आर. राव यांच्या हाताखालच्या तरुणांनी तीन वर्षांत ३६० किलोचा, सव्वीस बाजूंचा उपग्रह उभा केला. त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्याआधी उपग्रह पाहिलेलाही नव्हता. १९ एप्रिल १९७५ रोजी व्होल्गाकाठच्या कापुस्तिन यार तळावरून ‘आर्यभट’ कक्षेत गेला. पाचव्या दिवशी वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे त्याच्यावरचे वैज्ञानिक प्रयोग थांबले, तरी उपग्रहाशी संपर्क पुढे बराच काळ चालू राहिला. तसं पाहिलं तर अर्धं यश. पण उपग्रह बांधता येतो, चालवता येतो, त्याच्याशी बोलता येतं, हे कळलं, आणि तेवढ्यासाठीच तो सगळा खटाटोप होता.

आर्यभटाचं चित्र मग दोन रुपयांच्या नोटेवर आलं. नोटेच्या मागच्या बाजूला तो कंगोऱ्यांचा, चिरेबंद दिसणारा गोळा, खाली पृथ्वीची वक्र कड. इतवारीतल्या किराणा दुकानापासून भामरागडच्या आठवडी बाजारापर्यंत ही नोट फिरली. घामानं ओलसर झाली, चार घड्यांत फाटली, चिकटपट्टीनं जोडली गेली. अवकाशयुगाचं इतकं दूरवर पोचलेलं दुसरं प्रदर्शन या देशात झालं नाही.

आर्यभटानंतर १९७९ आणि १९८१मध्ये दोन ‘भास्कर’ उपग्रह त्याच कापुस्तिन यारहून गेले. त्यांच्यावर पृथ्वीकडे पाहणारे टीव्ही कॅमेरे होते. जमिनीवरचा साधारण एक किलोमीटरचा चौकोन म्हणजे त्यांच्या चित्रातला एक ठिपका. अशा चित्रात नागपूर शहर जेमतेम मूठभर ठिपक्यांत मावलं असतं. शेती, विहीर, बांध यातलं काहीही त्यात दिसण्यासारखं नव्हतं. पण चित्र घ्यायचं, जमिनीवर उतरवायचं, दुरुस्त करायचं, ही सगळी साखळी भारतीय हातांनी इथे प्रथम जुळवली.

मग आला ३ एप्रिल १९८४. राकेश शर्मा, युरी मालिशेव आणि गेन्नादी स्त्रेकालोव यांना घेऊन सोयूझ टी-११ बैकानूरहून निघालं. इंदिरा गांधींशी झालेलं शर्मांचं संभाषण सगळ्या देशाला पाठ आहे. त्या मोहिमेचं मोठं काम मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. ‘टेरा’ नावाच्या प्रयोगात सॅल्यूत-७ स्थानकावरून भारतभूमीची छायाचित्रं घेतली गेली. पूर्व जर्मनीत बनलेला एमकेएफ-६एम कॅमेरा एकाच वेळी सहा वेगवेगळ्या रंगपट्ट्यांत चित्र घेई. कॅमेऱ्यात फिल्म असे, म्हणजे चित्र हाती यायचं तर ती फिल्म पृथ्वीवर परत यायला हवी. जंगल कुठे, खनिजाची शक्यता कुठे, किनाऱ्याचा गाळ कुठवर, हे पाहण्यासाठी ही चित्रं होती. आठवडाभराच्या त्या मोहिमेत गौरवाचे क्षण थोडे आणि सर्वेक्षणाचे तास पुष्कळ होते.

ज्या कुपीतून शर्मा ११ एप्रिलला परतले, ती सोयूझ टी-१०ची. स्थानकाला आधीपासून जोडलेलं यान घेऊन परतायचं आणि आपलं नवं यान तिथल्या मुक्कामी मंडळींसाठी ठेवायचं, अशी तेव्हाची रीत होती. ही कुपी आज दिल्लीच्या तीनमूर्ती आवारातल्या नेहरू तारांगणाच्या संग्रहात आहे. तारांगणाचं उद्घाटन ६ फेब्रुवारी १९८४चं, आणि ही कुपी अवकाशात गेली ८ फेब्रुवारीला. घर आधी तयार झालं, वस्तू नंतर आली.

जवळून पाहिलं की तिचा आकार आधी मनात भरतो. व्यास दोन मीटरहून थोडा जास्त. तीन प्रौढ माणसं गुडघे छातीशी घेऊनच त्यात बसू शकतात. वातावरणात शिरताना जळालेला पृष्ठभाग काळपट, खरबरीत, जागोजागी पापुद्रे निघालेला. दूरदर्शनवर दिसलेल्या हसऱ्या चेहऱ्यांमागे किती मोठी जोखीम होती, हे त्या जळक्या कातडीवरून ध्यानात येतं. नागपूरच्या शाळांनी दिल्लीची सहल काढली तर संसद भवन आणि कुतुबमिनाराच्या जोडीला या कुपीसाठीही एक तास राखून ठेवावा.

आता नागपूर.

१९८०च्या दशकात भारताला स्वतःच्या जमिनीची नियमित, तपशीलवार चित्रं हवी होती. तोवर अमेरिकेच्या लँडसॅटवर भिस्त होती. १९८७च्या भीषण दुष्काळानं ही गरज आणखी टोकदार केली. उपग्रह तयार होत होता, पण तो वर नेणारं रॉकेट भारताकडे नव्हतं. भारताच्या एएसएलव्ही रॉकेटची झेप दीडशे किलोची, आणि त्याचं मार्च १९८७चं पहिलं उड्डाणही फसलं. इकडे आयआरएस-१ए भरला ९७५ किलो. म्हणून पुन्हा सोव्हिएत दार ठोठावलं गेलं, या खेपेला मोबदला मोजून. १७ मार्च १९८८ रोजी वोस्तोक रॉकेटनं तो बैकानूरहून ९०४ किलोमीटर उंचीच्या कक्षेत सोडला.

याच सुमारास नागपुरात तीन संस्था एकमेकींपासून फार तर काही किलोमीटरवर काम करत होत्या. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो १९७६पासून होता, अमरावती रोडवर. अवकाश विभागानं देशात पाच ठिकाणी प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्रं उभारली. बंगळुरू, डेहराडून, जोधपूर, खरगपूर ही चार, आणि पाचवं नागपूर, तेही अमरावती रोडलाच. तिसरी संस्था राज्य सरकारची, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, म्हणजे सगळे ज्याला ‘एमआरसॅक’ म्हणतात ते. त्याची स्थापना १९८८चीच. विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, आजच्या व्हीएनआयटीच्या, आवारात ते वाढलं. राज्याची राजधानी मुंबई, तरी राज्याच्या जमिनीची अवकाशातून होणारी मोजदाद उपराजधानीत, ही गोष्ट नागपूरकरांनाही पुरेशी माहीत नाही.

आयआरएस-१ए दर बावीस दिवसांनी त्याच जागेवरून जाई, सकाळी साडेदहाच्या आसपास. त्याच्याकडे दोन प्रकारचे कॅमेरे होते. लिस-१चा एक ठिपका जमिनीवर साडेबहात्तर मीटर लांब-रुंद, म्हणजे साधारण सव्वा एकर. लिस-२चा ठिपका सव्वाछत्तीस मीटरचा, एकराच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. कापुस्तिन यारहून गेलेल्या भास्करशी तुलना केली की सात-आठ वर्षांत किती पल्ला गाठला ते दिसतं. शेत दिसायला लागलं होतं. हैदराबादजवळच्या शादनगरला संकेत उतरत आणि तिथून टेप, फिल्म व छापील चित्रं देशभर जात.

असं एक चित्र नागपूर परिसराचं समोर धरलं तर अनोळखी माणूस आधी गोंधळतो. त्यात झाडं हिरवी नसतात, लाल असतात. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश हिरवी पानं जोरात परावर्तित करतात, आणि तो प्रकाश चित्रात लाल रंगानं दाखवतात. ‘फॉल्स कलर कॉम्पोझिट’, कार्यालयातल्या बोलीत नुसतं ‘एफसीसी’. काटोल-नरखेड आणि वरूड-मोर्शीकडचे संत्र्याचे बगीचे लालसर ठिगळांसारखे उठून दिसतात. उत्तरेला पेंचचं जंगल गडद लाल आणि तोतलाडोहचं पाणी काळंभोर. पश्चिमेला दख्खनच्या बेसाल्टवरची काळी माती निळसर-राखी. नागपूर शहर या काळ्या पाषाणाच्या पूर्वेकडच्या काठावरच वसलं आहे, आणि शहराच्या पूर्वेला खडक बदलतो हे चित्रात रंगावरूनच कळतं. पुढे भंडारा-गोंदियाकडे काळ्या ठिपक्यांची खडी पसरलेली दिसते. ते माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडचे ‘मामा तलाव’.

हे चित्र वाचायचं कसं? आधी प्रकाशटेबलावर ते पसरायचं. वर पारदर्शक फिल्म अंथरायची. एका बाजूला भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट, दुसऱ्या बाजूला भिंग. मग बारीक निबाच्या पेननं रेघा ओढायच्या. जिथे नाला अचानक सरळ रेषेत वळतो, जिथे उन्हाळ्यातही एका रांगेत झाडी तग धरून आहे, तिथे खडकात भेग असण्याची शक्यता. बेसाल्टमध्ये पाणी साठतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरात. म्हणून अशा दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे बोअरवेलला पाणी लागण्याची आशा अधिक. १९८६मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पेयजल मोहिमेसाठी देशभरच्या जिल्ह्यांचे भूजल-संभाव्यतेचे नकाशे याच रीतीनं तयार झाले.

रेघ ओढून काम संपत नसे. नकाशा खरा की खोटा हे ठरे ते ‘ग्राउंड ट्रुथ’मध्ये. जीप काढायची, चित्रात खूण केलेल्या शिवारात जायचं, विहिरीत डोकावायचं, पाटील-शेतकऱ्यांना विचारायचं. मृदा सर्वेक्षणाच्या लोकांचं काम याहून कष्टाचं. १९८६पासून त्यांनी सगळ्या देशाच्या मातीचे नकाशे १:२,५०,००० या प्रमाणात हाती घेतले. उपग्रहचित्रावरून जमिनीचे गट पाडायचे, मग दहा-दहा किलोमीटरच्या जाळीवर जागोजागी खड्डा खणून थर तपासायचे, नमुने प्रयोगशाळेत न्यायचे. शेतकऱ्याकडे याच मातीसाठी कन्हार, मोरंड, खर्डी, बर्डी, सिहार अशी नावं पिढ्यान्‌पिढ्या होतीच. नकाशानं त्या जाणतेपणाला खोली, पोत, निचरा यांची मापं दिली आणि ती एका तालुक्यापुरती न ठेवता सगळ्या देशाच्या पातळीवर नेली. ब्यूरोच्या संग्रहालयात मातीचे उभे छेद जपून ठेवलेले आहेत. वरची काळी, खालची चुनखडीची पांढुरकी, त्याखाली मुरूम. उपग्रहाला फक्त वरचा थर दिसतो, खालचं सगळं फावड्यानंच कळतं.

१९९१मध्ये आयआरएस-१बी पहिल्याच्या जोडीला आला आणि बावीस दिवसांची वाट अकरा दिवसांवर आली. पावसाळ्यात ढगांमुळे एक फेरी वाया गेली तरी दुसरी हाताशी राहू लागली. पीक कधी पेरलं, कधी वाळलं, हे जवळून पाहता येऊ लागलं. पुढचा उपग्रह, आयआरएस-१सी, २८ डिसेंबर १९९५ला पुन्हा बैकानूरहूनच गेला, पण आता रॉकेट मोल्निया होतं आणि देशाचं नाव रशिया. त्याच्या कॅमेऱ्यात ५.८ मीटरचा ठिपका होता. तोवर भारताचं स्वतःचं पीएसएलव्ही रॉकेट यशस्वी झालं होतं. १९९७च्या आयआरएस-१डीपासून ही मालिका श्रीहरिकोट्याहून उडू लागली, आणि बैकानूरचं काम झालं.

पेरलेलं पीक मात्र नागपुरात उभं राहिलं. एमआरसॅकनं पुढे राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेतल्या कामांची मोबाइलवरून जागानिश्चिती करणारं ॲप बनवलं. बंधारा खरोखर कुठे आहे, हे अक्षांश-रेखांशासह नोंदवलं जाऊ लागलं. १९८८मध्ये टेबलावर वाकून रेघा ओढण्यापासून सुरू झालेल्या कामाचंच हे पुढचं पाऊल. वरूड-मोर्शी भागातला भूजल-उपसा आज हाताबाहेर गेला आहे, ही गोष्टही नाकारता येत नाही. पाणी कुठे आहे हे नकाशानं सांगितलं. ते किती उपसावं, हा निर्णय नकाशाच्या हातात कधीच नव्हता.

या सगळ्या इतिहासाला संग्रहालयात जागा कुठे आहे?

रशियात त्याची कदर झाली. कालुगातलं अवकाश-संग्रहालय १९६७चं, त्याचा पाया गागारिननं घातलेला. मॉस्कोत १०७ मीटर उंच टायटेनियमच्या स्मारकाखाली १९८१पासून कॉस्मोनॉटिक्सचं संग्रहालय आहे. अवकाशात जाऊन सुखरूप परतलेल्या बेल्का आणि स्त्रेल्का या कुत्र्यांची भुसा भरलेली शरीरं तिथे आहेत. पण जे संग्रहालयाबाहेर राहिलं त्याचं काय झालं हेही पाहावं. १५ नोव्हेंबर १९८८ला माणसाविना उडून अचूक परतलेलं ‘बुरान’ यान बैकानूरच्या हँगरमध्ये पडून होतं. १२ मे २००२ रोजी त्या हँगरचं छप्पर कोसळलं. आठ कामगार दगावले आणि अवकाशात जाऊन आलेलं एकमेव बुरान ढिगाऱ्याखाली चिरडलं गेलं.

नागपुरात गांधीसागर तलावाजवळ रमण विज्ञान केंद्र मार्च १९९२मध्ये सुरू झालं, सोव्हिएत संघ संपून जेमतेम दोन-अडीच महिने झाले असताना. १९९७च्या जानेवारीत तिथे तारांगण आलं. चंद्रशेखर वेंकट रमण अर्थखात्याच्या नोकरीत असताना काही काळ नागपुरात होते, त्यांचं नाव केंद्राला दिलं गेलं. विदर्भातल्या लाखो मुलांनी आकाश पहिल्यांदा समजून घेतलं ते इथे.

अवकाशयंत्राला हात लावण्याचा योग विदर्भाला आला तो निराळ्याच वाटेनं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्रभर लोकांनी आकाशातून जळत जाणारी प्रकाशाची माळ पाहिली आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटचा तो भाग असावा, असं अभ्यासकांनी कक्षेच्या गणितावरून सांगितलं. गाव गोळा झालं, कडं पोलीस ठाण्यात गेलं, इस्रोची माणसं पाहून गेली. आकाशातून पडलेल्या वस्तूची एवढी दखल घेतली गेली. आकाशातून आलेल्या चित्रांनी जिल्ह्याजिल्ह्याचे पाणी-मातीचे नकाशे बदलले, त्यांची दखल त्याच्या दशांशानंही घेतलेली नाही.

म्हणून नागपूरसाठी एक मागणी करायला हरकत नाही. मृदा सर्वेक्षण ब्यूरो, प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र, एमआरसॅक या तीन संस्था आणि रमण विज्ञान केंद्र यांनी मिळून एक दालन उभारावं. त्यात आयआरएस-१एच्या काळातलं विदर्भाचं एफसीसी असावं, प्रकाशटेबल असावं, हातानं रेघा ओढलेली फिल्म, टेपचं रीळ, टोपोशीट असावी. दोन रुपयांची नोट असावी. शेजारी त्याच शिवाराचं आजचं चित्र असावं, म्हणजे चाळीस वर्षांत कुठलं जंगल गेलं, कुठला तलाव आटला, शहर कुठवर पसरलं, हे शाळकरी मुलांना स्वतः मोजता येईल. ज्यांनी त्या रेघा ओढल्या, ती पिढी आता निवृत्त झाली आहे. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला पैसा फारसा लागत नाही, लागते ती तातडी. १७ मार्च २०२८ रोजी आयआरएस-१एच्या उड्डाणाला चाळीस वर्षं होतील. तेवढी मुदत पुरेशी आहे.

आणि वाचकांपैकी कुणी त्या कार्यालयांत काम केलं असेल, किंवा घरातल्या कुणी केलं असेल, आणि माळ्यावर गुंडाळून ठेवलेलं एखादं लालसर चित्र, एखादी जुनी फिल्म, क्षेत्रभेटीची वही असेल, तर ती रद्दीत घालू नका.